सूचक भागीरथाबाई, अनुमोदक मी

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या पाच माणसं दुकानाच्या पायरीवर भांडायला उभी राहतील, आणि या वयात मला भांडण झेपत नाही. वर्ध्याहून पवनार, पवनारहून आत आठ किलोमीटर, एवढं पुरे. धाम नदी आमच्या गावाला बगल देऊन जाते, म्हणून गाव कोरडं. बाकी गावासारखं गाव.

माझं किराणा दुकान ग्रामपंचायतीच्या समोर. वडिलांनी जागा हेरून घेतली होती. लोक पंचायतीत कामाला येतात, ग्रामसेवक भेटत नाही, मग ताटकळतात, आणि ताटकळलेला माणूस सुपारीचं खांड तरी घेतोच. या जागेमुळे गावात कोण कशासाठी धडपडतो ते मला गादीवर बसल्या बसल्या दिसायचं. दिसायचं, एवढंच. दुकानदारानं तराजूशिवाय कशाची दांडी धरू नये, असं वडील म्हणायचे. मी त्यांचं ऐकलं आणि जन्मभर आपण बरं, आपलं दुकान बरं, असा राहिलो. म्हणजे भागीरथाबाईची गोष्ट सांगायला मी अगदी नालायक माणूस आहे. पण तिच्याबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही, आणि ज्या कागदावर तिचं नाव आहे त्याच कागदावर तिच्या खाली माझं आहे.

१९९१च्या हिवाळ्यात जिल्ह्यात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. आमच्याकडे ते शाळेच्या ओसरीत भरायचे. एका संध्याकाळी भागीरथा दुकानात आली. रूपरावची बायको, सहा एकरांत कापूस आणि तूर, वय चाळिशीचं. म्हणाली, "भाऊ, पाटीवरची पेन्सिल द्या एक."

"कोनासाठी? नातू आला का?"

"नातू व्हाचा हाय अजून. मलेच पायजे."

मी हसलो. दुकानात दोघं होते, तेही हसले. ती हसणं संपेपर्यंत थांबली, पेन्सिल घेतली आणि गेली. तीन महिन्यांत वाचायला लागली. आणि मग तिचा त्रास मलाच सुरू झाला, कारण मी डाळ-साखर रद्दी पेपरात बांधून द्यायचो. ही पुडी हातात घेऊन तिथंच उभी राहून वाचायची. बातमी मध्येच फाटलेली असायची. "मंग त्या कालव्याचं काय झालं, भाऊ? पुढचं कुठं हाय?" मी म्हणायचो, पुढचं हळदीच्या पुडीत गेलं असेल. "अर्धीच बातमी बांधून देता तुम्ही लोकायले," असं म्हणून ती निघायची. तिला हे खरंच खटकायचं.

पंचायतीच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागायची. गावातल्या पुरुषांनीही ती कधी वाचलेली नव्हती. हिनं वाचली आणि गेली. पंचवीस पुरुषांत एकटी बाई, दाराशी चप्पल काढायच्या जागेवर बसली. कोणी उठ म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. पुढच्या सभेला कमलाबाईला घेऊन आली. ही कमलाबाई तिची शेजारीण, आवाजानं खणखणीत, पुढं सगळीकडे तिच्या जोडीला असायची. त्यानंतरच्या सभेला सात जणी. सत्याण्णव सालापर्यंत सभेत पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसायला लागल्या आणि पुरुष त्यांना भागीरथाबाईचं लष्कर म्हणायला लागले. रूपराव दुकानात यायचा तेव्हा सांगायचा, "ते लष्कराच्या भाकरी भाजते, घरच्या मी भाजतो. चांगल्या फुगते आता." बोलायचा असं, पण बायकोला सभेचा उशीर होऊ नये म्हणून बैलांचं चारापाणी स्वतः आटपायचा.

तिच्या लष्कराची एक रीत होती. अंगठा चालायचा नाही. पाटीवर गिरवून गिरवून जी बाई पहिल्यांदा सही करील तिला भागीरथा कुंकू लावायची आणि तिच्या हातून साखर वाटायची. साखर माझ्याकडची. पावशेर बांधायला सांगितली की मला कळायचं, आज गावात आणखी एक सही जन्माला आली. सहीबरोबर एक धडा असायचा, तो मी गादीवरून इतक्यांदा ऐकला की मलाही पाठ आहे: "वरतं काय लिवलं ते वाचल्याबिगर खाली नाव टाकाचं नाई. कोऱ्या कागदावर त नाईच नाई. सही म्हंजे जबान हाय."

त्यांनी गावात बरंच काही केलं. बंद पडलेला हातपंप सुरू झाला. दोन वर्षं रिकामी असलेली मास्तरची जागा भरली, त्यासाठी अकरा बायका एसटीनं वर्ध्याला गेल्या आणि साहेबांच्या दारात जेवणाचे डबे उघडून बसल्या. पण तिच्या जिवाला खरी लागलेली गोष्ट पाण्याची होती. मार्च लागला की गावच्या विहिरी तळाला जायच्या. मग डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन दीड किलोमीटरवर वासुदेवरावच्या मळ्यातल्या विहिरीवर जायचं. वासुदेवराव आमचा सरपंच. विहीर त्याची, मोटार त्याची, वेळ त्याची. सकाळी नऊला मोटार बंद. त्याच्या मनात असलं तर आधीच. माझी बायको सुलोचनाही त्याच रांगेत असायची, किराणा दुकानदाराची बायको म्हणून तिला कोणी आधी भरू दिलं नाही. गावात टाकी व्हावी आणि नळ यावा म्हणून भागीरथानं पाच वर्षं अर्ज केले. अखेर २००१च्या डिसेंबरात कळलं की योजनेत आमचं गाव बसतंय. फक्त ग्रामसभेचा ठराव हवा आणि प्रस्ताव ३१ जानेवारीच्या आत वर्ध्याला पोचायला हवा.

सभा २६ जानेवारीला होती. आणि नेमका त्याच दिवशी शेजारच्या गावात शंकरपट. बैलांच्या शर्यती म्हटल्यावर आमच्याकडचा पुरुष घरात थांबेल तर शपथ. बायका कापसाच्या वेचणीला गेलेल्या, मालकांनी सुट्टी दिलेली नव्हती. झेंडावंदन झालं, लेकरांना बुंदी वाटली, आणि सभेला उरली तेवीस माणसं. शंभर नसली तर सभा तहकूब. ग्रामसेवक घड्याळ पाहत म्हणाला, "आता आठ दिवसांनी पुन्हा. म्हणजे प्रस्ताव पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक उन्हाळा मळ्यातल्या विहिरीवर. भागीरथा पायरीवर उभी होती, मला इथून तिचा चेहरा दिसत होता. ती म्हणाली, "रजिष्टर माह्यापाशी द्या. मी घरोघरी जाते. लोकं पान्याले नाई थोडीच म्हनते?"

ग्रामसेवकानं सरपंचाकडे पाहिलं. सरपंच म्हणाला, "द्या की. बाईवर गावाचा भरोसा हाय."

रजिस्टर घेऊन ती आधी माझ्याकडे आली. पान उघडलं. वर ठराव क्रमांक एक, पाणीपुरवठा योजना, सगळं नीट लिहिलेलं. त्याखाली अर्धं पान कोरं. मग सह्यांच्या रकान्यांची पानं. तिच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. तिथूनच रस्त्यापलीकडं ओरडून तिनं ग्रामसेवकाला विचारलं, "हे मधात कोरं काऊन सोडलं जी?" तो म्हणाला, मागच्या सभेचं इतिवृत्त तिथं उतरवायचं राहिलंय. ती क्षणभर थांबली. मी पाहिलं, ती थांबली होती. मग सूर्याकडे पाहिलं, दिवस चढत होता आणि शंभर दारं बाकी होती. "करा भाऊ सही," म्हणाली. माझ्या एका हातात साखरेचं माप होतं. दुसऱ्या हातानं मी सही केली. वाचलं काहीच नाही.

दहा वर्षं जी बाई गावाला सांगत होती की कोऱ्यावर सही करू नका, तिनंच त्या दिवशी गावाच्या सह्या कोऱ्याखाली घेतल्या. लोकांनी वाचलं नाही, कारण रजिस्टर तिच्या हातात होतं.

ती शेताशेतांत गेली. कापसाच्या ओट्या बांधलेल्या बायकांनी मांडीवर रजिस्टर ठेवून सह्या केल्या. शेवटी गेली चराईच्या रानात, रुख्मिणीकडे. गावाच्या वरच्या अंगाला नऊ एकर सरकारी पडीत जागा, गावाची जनावरं तिथंच चरायची. बारा घरं निव्वळ त्या रानावर जगायची. रुख्मिणी त्यातली. नवरा नाही, मूल नाही, चौदा बकऱ्या, आणि रानाच्या कडेला सासऱ्यानं बांधलेलं घर. वर्गात सही शिकली होती, पण लाजायची, हात कापतो म्हणून अंगठाच द्यायची. त्या दिवशी भागीरथानं तिला सोडलं नाही. बकऱ्या राखता राखता, दगडावर रजिस्टर ठेवून, रुख्मिणीनं आयुष्यातली पहिली सही केली. संध्याकाळी भागीरथा पावशेर साखर न्यायला आली तेव्हा इतकी खूश होती! "एकशे बारा झाल्या भाऊ. अन् रुख्मिणीनं सही केली!"

मार्चमध्ये योजना मंजूर झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीच्या खड्ड्यापाशी नारळ फुटला. कमलाबाई अक्षरशः नाचली. आणि त्याच आठवड्यात चराईच्या रानात दोन माणसं फीत घेऊन आली आणि चुन्याच्या रेघा मारायला लागली. एक रेघ रुख्मिणीच्या अंगणातून गेली. तिनं विचारलं तर म्हणाले, इथं दगड फोडून गिट्टी काढायची खदान होणार, तुमच्याच ग्रामसभेनं ना-हरकत दिली आहे.

रुख्मिणी अनवाणी धावत भागीरथाकडे, आणि भागीरथा तशीच पंचायतीत. अर्धा तास आतून आवाज येत होते. मग ती नक्कल घेऊन बाहेर आली, रस्ता ओलांडला आणि कागद माझ्यासमोर धरला. "वाचा भाऊ. माह्या डोयाले नीट दिसून नाई राह्यलं."

तिला चांगलं दिसत होतं. मी वाचलं. ठराव क्रमांक दोन: गावच्या पडीत जागेत गिट्टी खदानीस ग्रामसभेची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर. सूचक, श्रीमती भागीरथा रूपराव. अनुमोदक, श्री. प्रभाकरराव. म्हणजे मी. तेच रजिस्टर, तेच पान, आणि आता मध्ये कोरं काही नव्हतं.

खदान वासुदेवरावच्या साळ्याची होती. नावं त्यांनी विचार करून टाकली होती. भागीरथानं मांडलं म्हटल्यावर बायका बोलणार नाहीत, आणि दुकानदारानं दुजोरा दिला म्हटल्यावर पुरुष बोलणार नाहीत. ती पायरीवर बसली. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला कळलं नाही. "भाऊ, मी त्याले इचारलं होतं ना, कोरं काऊन म्हनून? इचारलं होतं ना मी?" मी म्हणालो, विचारलं होतं. "मंग वापस काऊन नाई फिरली मी?" मी पाणी दिलं. तेही वासुदेवरावच्या विहिरीचंच.

दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी वर्ध्याला जाऊन अर्ज देऊन आली: २६ जानेवारीची सभा झालीच नव्हती, सह्या घरोघरी घेतल्या, चौकशी व्हावी. एक मेच्या ग्रामसभेत पंचायत समितीचे विस्तार अधिकारी येऊन विचारणार असं ठरलं. गावाला हे कळलं आणि गाव बिथरलं. कारण हिशेब शेंबड्या पोरालाही कळण्यासारखा होता. सभाच झाली नाही तर ठराव दोन जातो, आणि ठराव एकही जातो. खदान जाते, पाणीही जातं. टाकीचा खड्डा अर्धा खणून झाला होता.

कमलाबाई तिच्या घरी जाऊन भांडली. मी ते ऐकलेलं नाही, सुलोचनानं सांगितलं. "बारा घरांसाठी अख्खं गाव तहानेनं मारतं का वो बाई?" असं कमलाबाई म्हणाली. भागीरथा म्हणाली, "खोटं त खोटंच हाय ना कमला. पान्याचा ठराव आपन दुसरा करू. उशीर होईन, पन आपला असन." कमलाबाई म्हणाली, "उशीर तुह्या डोक्शावर नाई, आमच्या डोक्शावर हाय. गुंडभर." आणि दहा वर्षांची जोडी त्या दिवशी तुटली.

मला वाटलं होतं, यात माझं काही काम नाही. पण एप्रिलच्या शेवटी भर दुपारी वासुदेवराव दुकानात आला. कधी यायचा नाही, गडी पाठवायचा. स्टुलावर बसला, शेंगदाणे खाल्ले, म्हणाला, "शेठ, साहेब तुमाले इचारन. अनुमोदक तुमी हाय." मी बरणीचं झाकण लावलं. "बाईचं डोकं फिरलं. गावाचं पानी घालवून राह्यली. तुमी शहाने हाय." मग उठता उठता, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, "पियुष काय करून राह्यला सध्या?"

पियुष माझा मुलगा. बी.ए.ला दोनदा बसला होता आणि वर्षभर घरी होता. दुपारी झोपायचा, संध्याकाळी पुलावर बसायचा, आणि घरात कोणाशी बोलायचा नाही. त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"साळ्याले खदानीवर माणूस पायजे. लिहनारा-वाचनारा. मी तुमच्या पियुषचं नाव सांगतलं हाय," असं म्हणून वासुदेवराव गेला. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मला वाटलं, दोन्ही न म्हणणं म्हणजे आपण बाहेर आहोत.

एक मेला आंब्याच्या झाडाखाली सभा भरली. या खेपेला कोरम शोधावा लागला नाही, अडीचशेवर माणसं होती. भागीरथा उभी राहिली. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. "साहेब, सव्वीस जानेवारीले सभा झाली नाई. तेवीस लोकं होते. मीच रजिष्टर घेऊन घरोघरी गेलती. कोरं पान होतं, ते मले दिसलं होतं, तरी मी सह्या घेतल्या. चूक माही हाय. जे शिक्षा असन ते मले द्या. पन हा दुसरा ठराव गावानं केला नाई."

आपली चूक एवढ्या माणसांत अशी उघडी करून मांडणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "ज्यांनी घरी किंवा शेतात सही केली, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. ज्या बायकांचे हात धरून तिनं अक्षरं गिरवून घेतली, त्यांनी हात पदराखाली घेतले. कमलाबाई जमिनीवर काडीनं रेघा ओढत होती. भागीरथा एकेकीकडे पाहत गेली. नाव घेऊन कोणालाही तिनं पेचात धरलं नाही. मग मागून एक हात वर आला. रुख्मिणीचा.

"मी बकऱ्या चारून राह्यली होती साहेब. तठीच केली सही."

"एक," अधिकारी म्हणाला. त्यानं कागद उलटला. "अनुमोदक कोण आहेत? प्रभाकरराव?"

मी उभा राहिलो. भागीरथाचा चेहरा सैलावला, मी ते पाहिलं. तिला वाटलं, भाऊ आहे. सगळ्यांत आधी माझ्याच दुकानात सही झाली होती, माझ्या हातात साखरेचं माप होतं, तिला सगळं आठवत असणार.

"तुम्ही अनुमोदन दिलं होतं का? सभा झाली होती?"

पुढच्या रांगेत वासुदेवराव पान चघळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. झाडाच्या बुंध्याला टेकून पियुष उभा होता, त्या दिवशी त्यानं दाढी केली होती.

"झाली होती साहेब," मी म्हणालो. "मी दिलं अनुमोदन."

बायकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. कोणीतरी टाळीही वाजवली. भागीरथानं हातातल्या नकलेची घडी घातली, ती ब्लाउजात खोचली, आणि रुख्मिणीचा हात धरून सभेतून निघून गेली. सभा संपायच्या आधी ती उठून गेली असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी लोकांनी मला चहा पाजला. गावाचं पाणी वाचवलं म्हणाले. घरी सुलोचनानं ताट वाढलं आणि समोर बसली. "पानी येईन, बरंच हाय," ती म्हणाली. "माह्याच डोक्शावरचा गुंड उतरन. पन तुमी पान्यासाठी नाई बोलले." मी भात कालवत राहिलो. लाज वाटली. घास मात्र गिळला.

पाणी आलं. २००३च्या डिसेंबरात नळाला तोटी बसली आणि पाणी आलं, ही गोष्ट खोटी नाही. खदानही आली. रुख्मिणीला घराच्या बदल्यात काही मिळालं नाही, कारण घर कागदावर नव्हतंच. बकऱ्या विकून ती नाचणगावला भावाकडे गेली. जाताना भागीरथा तिला एसटीपर्यंत सोडायला गेली होती. दोघी माझ्या दुकानासमोरच उभ्या राहून गाडीची वाट पाहत होत्या. मी आत जाऊन पोती सारखी करत बसलो.

भागीरथा दोन वर्षं वर्ध्याच्या चकरा मारत राहिली. दर वेळी तेच उत्तर: ग्रामसभेचा सर्वानुमते ठराव आहे, आणि सूचक तर तुम्हीच आहात. ग्रामसभेला ती येत राहिली, पण आता पुन्हा एकटी, दाराशी. तिच्या शेजारी बसलं तर सरपंच पाहील, असं बायकांना वाटायचं. माझ्याकडे किराणा न्यायला रूपराव यायचा. भाकरीचं काही बोलायचा नाही.

खदान मोठी होत गेली. सुरुंग उडाला की माझ्या बरण्या वाजायच्या. ज्वारीच्या पानांवर, वाळवणावर, लेकरांच्या केसांत पांढरी धूळ. २००६मध्ये कमलाबाईच्या घराची मागची भिंत उभी तडकली. मग शाळेची. तेव्हा बायकांना अर्ज आठवला, आणि अर्ज म्हटल्यावर भागीरथा आठवली. कमलाबाई एका सकाळी तिच्या दाराशी जाऊन रडली. मला वाटलं होतं, भागीरथा दार लावून घेईल. मी असतो तर घेतलं असतं. तिनं चटई टाकली, चष्मा लावला आणि विचारलं, "कोनाकोनाच्या भिंती फाटल्या, ते सांगा पयले." पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. फरक एवढाच की आता ती सगळा अर्ज प्रत्येकीकडून मोठ्यानं वाचून घ्यायची आणि मगच पेन हातात द्यायची. एकेका सहीला अर्धा तास लागायचा.

२००७च्या पावसाळ्यात ती माझ्या दुकानात आली. पाच वर्षांनी. केस पार पिकले होते, दम लागत होता. अर्ज समोर ठेवला. "वाचा भाऊ. मंग सही करा."

मी वाचला. खदान बंद व्हावी, असा अर्ज. पियुष तेव्हा खदानीवर मॅनेजर होता, त्याचं लग्न ठरलं होतं. मी अर्ज पुन्हा वाचल्यासारखं केलं. तिला कळलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पोराची नौकरी हाय तठी. मी काऊन बुडवू?" तिनं कागद उचलला, पण गेली नाही. काउंटरला हात टेकून उभी राहिली. "एक सांगाचं होतं भाऊ. त्या दिवशी तुमी सभेत खोटं बोलले, मले लय राग आला होता. दोन वर्षं तुमचं तोंड पाहू नाई वाटे. मंग नळाले पानी आलं, अन् मी तुमच्या सुलोचनाबाईले पाह्यलं, अंगनात गुंड भरून राह्यली होती, तठीच्या तठी. तवा समजलं. तुमी गावच्या पान्यासाठी बोलले. मी एका रुख्मिणीले पाह्यलं, तुमी समद्यायले पाह्यलं. गावासाठी बोललं खोटं, देव त्याले पाप नाई धरत. मनात ठेवू नोका."

पियुषची नोकरी सभेनंतर चौथ्या दिवशी लागली होती. गावाला वाटलं, योगायोग. तिलाही तसंच वाटलं असावं. किंवा वाईट मनात आणायची तिची तयारी नसावी.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "हो बाई. पान्यासाठीच."

तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. "मले वाटलंच होतं," म्हणून ती पायऱ्या उतरली.

त्यानंतर ती आठ महिने जगली. शेवटचे पंधरा दिवस सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले, बाकी सगळे दिवस गावातच होती. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, अर्जाची पिशवी घेऊन, ती माझ्या दुकानासमोरून जायची. मला खरं सांगायला रोज वेळ होता.